पुलाला वजन

शांगशी गाव,
सातव्या महिन्याची तृतीया

चि. चाओशेंग यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली सुकी मासळी मिळाली. शहरात राहून पोरगा मासळी निवडायलाही विसरला, असं बाबा म्हणाले आणि दोनदा मागून घेतली.

बाकी इथे हसण्यासारखं काही नाही. पाऊस धरून बसलाय. आपल्या लाकडी पुलाच्या तुळयांना पाणी लागायला हातभर उरलंय. वर वजन नसलं तर नदी छपरासकट पूल उचलून नेते, म्हणून आजोबांच्या वेळेसारखा उद्यापासून पाणी उतरेपर्यंत घरटी एक बैल पुलावर उभा करायचं ठरलंय. आपल्या बैलाशी बाबाच उभे राहणार. सत्तरी उलटलेला माणूस! कासरा शेजारच्या लिनच्या मुलाकडे द्या म्हटलं, तर म्हणाले, बैल माझा आवाज ओळखतो, त्याचा नाही. माझं ऐकत नाहीत. तू लिही. तुझं ऐकतील.

टपालवाला निघालाय, म्हणून थांबते. खाण्यापिण्याची आबाळ करू नकोस.

तुझी,
युनलान

वेनचौ,
सातव्या महिन्याची षष्ठी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळताच लिहायला बसलो. बाबांना सांग, पूल गेला तर जाऊ दे, पुन्हा बांधता येईल. आईनं पुलावरच्या देवीला नवस बोलून मला मागून घेतलं, म्हणून ते त्या पुलाचे मिंधे झालेत, हे मला कळतं. पण तो नवस केव्हाच फिटला. ऐकत नसतील तर मी पुन्हा घरी पाऊल ठेवणार नाही, असं सांग. खोटंच, पण सांग. आणि तू नुसती दारातून ओरडू नकोस, जाऊन हाताला धरून ओढून आण. भाऊजींना इतकी वर्षं ओढते आहेसच.

शरदाच्या सणाला येतो आणि बाबांना इकडे घेऊन जातो. त्यांना साष्टांग नमस्कार.

तुझा,
चाओशेंग

शांगशी गाव,
सातव्या महिन्याची एकादशी

चि. चाओशेंग यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं, पण ज्यांना वाचून दाखवायचं ते बाबा राहिले नाहीत.

चतुर्थीला दुपारी वरून ओंडका वाहत आला आणि पुलावर आदळला. बैल बिथरला, त्यानं बाबांना खांबाशी चेंगरलं. पूल राहिला. त्यांना घरी आणलं तेव्हा शुद्ध होती. मी रडत होते आणि ते पूल आहे ना, एवढंच विचारत होते. मला त्यांचा फार राग आला. अजून आहे.

आपल्या घराण्याच्या कबरी पलीकडच्या काठावर. आणि पुलावरून, देवीच्या छपराखालून मढं न्यायचं नाही, हे तुला ठाऊकच आहे. पुलाच्या बाबतीत शब्द लिनआजोबांचा, म्हणून मी त्यांचे पाय धरले. ज्यानं पूल राखला त्याला एकदाच वरून जाऊ द्या म्हटलं. तेही माझ्याबरोबर रडले. मग म्हणाले, "पोरी, तुझ्या बापाला विचारलं असतंस, तर तोही नाहीच म्हणाला असता." आणि ते खरं होतं.

पाणी थोडं उतरलं, पण या उकाड्यात ते पुरतं उतरायची वाट पाहता येईना. काल तुझ्या भाऊजींनी आणि लिनच्या मुलांनी शवपेटी खांद्यावर घेतली आणि छातीएवढ्या पाण्यातून पलीकडे नेली. त्यांच्या कमरेचे दोर धरायला सगळं गाव पुलावर उभं होतं. पाऊस चालूच होता. वर छपराखाली ते कोरडे होते, आणि बाबा त्यांच्या पायांखालून गेले.

सणाला ये. आता लोभ करायला तू आणि मीच उरलो, तो तेवढा असू दे.

तुझी,
ताई