बदामाच्या पानांची टाकी कुणाला द्यायची

लिहिण्यात चुका असतील, माफ करा. टायपिंगपण हळू चाललंय, एकेक अक्षर शोधाय लागतंय. कॉम्प्युटरच्या दुकानाचे गोकुळशेठ घाई करत न्हाईत, ते बरं हाय.

मी मल्हार जालिंदर कोकरे, वय अठरा पूर्ण, राहणार कुरकुंभ, शाळा नववीतनं सोडली. डोकं ठिकाणावर हाय, दुखतंय ते पोट. उद्या दौंडला अपेंडिक्सचं ऑपरेशन हाय. डॉक्टर म्हणले किरकोळ हाय, आन् मग काय झालं तर आमची जबाबदारी न्हाई अशा कागदावर माझ्या वडलांचा, आबांचा अंगठा घेतला. म्हणून मी कुणी न सांगता, कुणाच्या धाकात न येता हे लिहून ठेवतो.

एक. सायकल आबांना. मागचा ब्रेक लागत न्हाई, उताराला उतरून चाला.

दोन. माशांची टाकी, पंप, जाळी आन् पीएच बघायच्या पट्ट्या धाकटी बहीण प्रगती हिला. प्रगते, आपल्या बोअरचं पाणी एंजल माशाला सोसत न्हाई, पट्टी निळी पडती, म्हंजे पीएच जास्त. त्यात साठवलेलं पावसाचं पाणी मिसळायचं, देशी बदामाची वाळकी पानं टाकायची. पाणी चहावाणी होतं. होऊ दे. पीएच सावकाश उतरला पायजे. एकदम उतरला की मासा मरतो.

तीन. थोरला भाऊ बिरदेव याला टाकीतलं काहीच न्हाई. नंतर वाद नको म्हणून कारण लिहितो. दिवाळीनंतर दादाच्या सोयरीकीसाठी पोरीकडचे पावणे घर बघाय येणार होते. दादाला त्या पाण्याची लाज वाटली. म्हणला, "पावणे म्हणतील ह्यांनी गटार पाळलंय. आमच्या प्लँटला पीएच दोन मिनिटात खाली आणतो आम्ही. तुझ्यावाणी पाला भिजवत बसत न्हाई." पानं उकिरड्यावर टाकली, बोअरचं पाणी भरलं आन् कंपनीतनं बाटलीत आणलेलं ॲसिड ओतलं. पाणी एकदम नितळ. पावणे पोहे खात होते तवा मासे उताणे झाले. पोरीच्या मामानं बशी खाली ठेवली, म्हणला, "लक्षण काय बरं न्हाई."

सोयरीक मोडली. आबांनी विचारलं तवा दादा म्हणला, मल्हारनं पाला टाकून पाणी नासवलं. मी तिथंच होतो. आबांसमोर माझ्या तोंडातनं शब्द निघत न्हाई हे त्याला माहीत हाय. तवापासनं आई माझ्यासमोर ताट सरकवती आन् दुसरीकडं बघती.

चार. दोन बारके एंजल त्या दिवशी बरणीत होते, मोठे त्यांना चावायचे म्हणून. तेवढेच वाचले. ते प्रगतीचे. दादानं पाणी बदलतो म्हणलं तरी टाकीला हात लावू द्यायचा न्हाई.

पाच. मी नीट घरी आलो तर बाकीची कलमं फाडा. तिसरं ठेवा. आबांना वाचता येत न्हाई, प्रगतीनं मोठ्यानं वाचायचं, दादा घरात असताना. मी समोर बसंन.

साक्षीदार: गोकुळ शितोळे (सही), शितल शितोळे (सही)
लिहून ठेवणार: मल्हार जालिंदर कोकरे (सही)
दौंड, १२ मार्च २००४

आत्ताच निमोण्यावरनं दुकानात फोन आला, आईच्या भावाच्या, म्हाळूमामाच्या नव्या बोअरला पाणी लागलं. प्रगते, त्या पाण्यातबी एक पट्टी बुडवून बघ.