उलटी उमटलेली दरी

आंतापुक्यो, ४ मे २०१४

ती. ताईस, धाकट्या तिमोतेओचा सा. न. वि. वि.

पाकीट पाहून दचकू नकोस, इथे सगळे खुशाल आहेत. फोनच केला असता, पण रेंजसाठी क्रूसाच्या टेकडीवर चढावं लागतं आणि तिथे बोललेलं निम्मं वारा घेऊन जातो. सोबतच्या मेमरी कार्डात शाळेच्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो आहेत. ते नीट जप.

फोटो बाबांच्या नकाशाचे आहेत. पाटकरी झाले त्या वर्षी त्यांनी पिठाच्या पोत्याच्या कापडावर काढलेला तोच: झऱ्यापासून खालच्या गावापर्यंतचा पाट, त्याच्या सात चाऱ्या, आणि प्रत्येक चारीवर ज्याची पाळी त्या घराची खूण, मेंढरांच्या कानाला कापतात ती. अक्षर एकही नाही, कारण बाबांना ते कधी आलंच नाही. दर ऑगस्टात दोन्ही गावं पाट साफ करायला जमतात तेव्हा तो जमिनीवर पसरतात आणि त्यावरून वर्षाच्या पाळ्या ठरतात. यंदा ऑगस्टाआधीच पेटी उघडून पाहिली तर उंदरांनी चौथ्या चारीचा तुकडाच खाल्लेला. आमचे म्हणतात चौथी आमची, खालचे म्हणतात त्यांची, आणि उरलेल्या कापडाला हात लावावा तर भुगा पडतोय.

सभेत ठरलं की कापडावर दोन सारख्या नकला छापून घ्यायच्या, एक वरच्या गावाला, एक खालच्या. मी भर सभेत तुझं नाव घेतलं. खालच्यांनी पहारीने पाटाचं दार फोडलं, त्याच दुष्काळी वर्षी तू पहार धरणाऱ्याच्या मुलाशी लग्न केलंस. बावीस वर्षं घरात हे नाव निघालेलं नाही, ठाऊक आहे ना? बाबा कोकाची पानं चघळत राहिले. घरी आल्यावर म्हणाले, त्या लिमावालीला सांग, चौथ्या चारीची जागा कोरी ठेव, ती मी भरीन.

म्हणजे परवानगी मिळाली, असं मी धरतो. कोणतं कापड, कसली छपाई, ते कळव. भाऊजींना नमस्कार. तुझा लोभ आहे म्हणूनच हे काम तुझ्या गळ्यात टाकतोय.

तुझा,
तिमोतेओ

•

गामारा, लिमा, १८ मे

चि. तिमोतेओस अ. उ. आ.

तुझं पत्र मी दुकानात, शर्टांच्या ढिगावर बसून तीनदा वाचलं. तुझे भाऊजी फ्लोरेन्तिनो म्हणाले, "लिमावाली" हे सुद्धा एक नावच झालं, प्रगती आहे. मी त्यांना चहा दिला नाही.

आता कामाचं. आमच्याकडे होते ती ट्रान्सफर छपाई. चित्र आधी कागदावर छापायचं, तेही उलटं, आरशात दिसतं तसं. मग तो कागद पॉलिस्टरवर पालथा घालून तापलेल्या प्रेसखाली मिनिटभर दाबायचा. रंगाची वाफ होते आणि ती धाग्यात शिरून बसते. कागद सोलला की चित्र सुलटं. ते धुण्याने जात नाही, पावसात भिजलं तर झटकलं की वाळलं. मात्र चित्र एकाच बाजूला, मागची बाजू पांढरी राहते. आणि सुताला ही वाफ धरत नाही, दोन धुण्यांत कापड कोरं.

सुतावर छापायचं तर थेट छपाई. ते मशीन वरच्या मजल्यावर माझ्या मैत्रिणीकडे, रोसाल्विनाकडे आहे. कापडच मशीनमधून जातं, शाई सरळ त्यावर पडते, मध्ये कागद नाही की उलटसुलट नाही. पण तिचे लाड फार. आधी कापडाला औषधी खळ द्या, छापल्यावर वाफेत शिजवा, मग पाणी नितळ येईपर्यंत धुवा. दिवस मोडतात. शाई सुतात मुरते, कापड मऊ राहतं, मागूनही चित्र दिसतं. रोसाल्विना मला चिडवते की तुझा धंदा कपाळाला बाशिंग चिकटवण्याचा, माझा लग्न लावण्याचा. मी म्हणते, तुझ्या लग्नात वऱ्हाडाचंच धुणं जास्त.

दोन्हीचे हातभर तुकडे पाठवते. माझं मत पॉलिस्टर. तिथल्या चिखलात आणि गारांत तेच टिकेल. पण घाटात सुती कापडाची सवय असलेल्या माणसांना ते आवडेल का, हे तू पाहा.

बाबांची खोकल्याची तक्रार कशी आहे, ते तू लिहिलंच नाहीस. विसरलास की लपवलंस? पत्रोत्तरात आधी ते लिही, मग विचारलं म्हणून माझ्यावर मायेने रागव.

तुझी ताई,
एउलालिया

•

आंतापुक्यो, ९ जून

ती. ताईस सा. न.

खोकला आहे, पण बोलणं बंद पडेल इतका नाही.

तुझ्या तुकड्यांची बाबांनी जी परीक्षा घेतली ती आमच्या शाळेत कुणी घेत नाही. दोन्ही पाटात भिजवले, चिखलात तुडवले, दगडावर घासले, मग बारा दिवस छपरावर उन्हात टाकले. सुती तुकड्याचा एक कोपरा मेंढीने चघळला. पॉलिस्टर तिने हुंगून सोडलं. हा बाबांच्या मते पॉलिस्टरविरुद्धचा मोठा पुरावा. रंग मात्र पॉलिस्टरचा तसाच राहिला, सुताचा निळा जरा उतरला. बाबा बोटांनी ते चोळून म्हणाले, हे कापड नव्हे, सापाची कात आहे.

सभेने हात वर करून पॉलिस्टर ठरवलं. गेल्या वर्षीच्या गारा कुणी विसरलेलं नाही. बाबांनी हात वर केला नाही, विरोधही केला नाही. पाटाचा सण २४ ऑगस्टला आहे, तोवर येऊ दे.

माया आहेच, ती खोकल्यासारखी वाढतेय.

तिमोतेओ

•

गामारा, ३० जुलै

चि. तिमोतेओस अ. उ. आ.

घाईत चार ओळी. राष्ट्रीय दिनाच्या झेंड्यांनी आणि टीशर्टांनी पंधरा दिवस जीव नकोसा केला, प्रेस थंड झाला नाही. तुझे दोन्ही नकाशे काल त्यातच काढले. कोरी जागा कोरीच ठेवली आहे. आजच्या बसने पाठवते. रंग काय उठलेत पाहा! बाबांनी हात लावला तर काय म्हणाले ते कळव. वाईट म्हणाले तरी कळव.

तुझी,
ताई

•

आंतापुक्यो, १० ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच.

काल दोन्ही गावांसमोर नकाशे उघडले. आधी सगळे रंगांना वाहवा करत होते. मग खालच्या गावचा गास्पार वाकून पाहू लागला आणि म्हणाला, झऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की मोठा खडक डाव्या हाताला, इथे तो उजवीकडे कसा? ताई, अख्खी दरी उलटी छापली गेलीय. पाटाच्या आमच्या काठची शेतं त्यांच्या काठावर, त्यांची आमच्या. बाबांच्या बटाट्याच्या तुकड्याची खूण गास्पारच्या गोठ्यात. अक्षर असतं तर तुला तिथेच कळलं असतं; पण नकाशात अक्षरच नाही. कुणी म्हणालं, कापड पालथं करा. केलं, तर मागे पांढरं.

तोवर हसणं होतं. मग आमच्यातलाच एकजण ओरडला, की ती खालच्यांची सून आहे, तिने मुद्दाम केलंय, चौथीच काय, सगळाच पाट सासरला देऊन टाकला. खालचेही उठले.

तेव्हा बाबा काठी टेकत मधे गेले. म्हणाले, चोर असता तर एक चारी फिरवली असती, अख्खी दरी फिरवत नाही कुणी. माझी मुलगी चुकली आहे. लबाडी तिच्यात नाही, ती असती तर बावीस वर्षांपूर्वी माझ्या तोंडावर सांगून घराबाहेर पडली नसती, गुपचूप गेली असती.

माझी मुलगी, असं म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं.

सभेचं म्हणणं असं की नवी नकल करणारीने स्वतः आणून दोन्ही गावांसमोर पसरावी. हातात चौदा दिवस आहेत. काय करतेस?

तुझा,
तिमोतेओ

•

गामारा, १३ ऑगस्ट

चि. तिमोतेओस अ. उ. आ.

चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. कॉम्प्युटरवर चित्र आधीच उलटं करून ठेवलेलं होतं. घाईत मी न बघता पुन्हा उलटं केलं. दोनदा उलटं म्हणजे कागदावर सुलटं, आणि कापडावर उलटं. शर्टावर नाव असतं, ते वाचता आलं नाही की लगेच हात थांबतो. इथे थांबवायला काही नव्हतं. सतरा वर्षं हे काम करतेय आणि बाबांच्याच कामात चुकले.

पुन्हा पॉलिस्टरवर एका दिवसात काढता येईल. पण मी रोसाल्विनाकडे सुती कापड लावलंय. दोन दिवस तिथेच उभी आहे. आज वाफेतून निघालं, उद्या धुणं. निळा उन्हाने थोडा उतरेल, उतरू दे. पाच-सहा वर्षांनी दुसरं छापू.

यायचं म्हणतोस. ते सभेने म्हटलंय की बाबांनी? सभेने बोलावलं असेल तर कापड बसने येईल. खरं लिही, माझी समजूत काढू नकोस.

ताई

•

आंतापुक्यो, १७ ऑगस्ट

चि. एउलालिया हिस आशीर्वाद.

हे मी सांगतोय, तिमोतेओ लिहितोय. त्याला सांगितलंय की स्वतःची मास्तरकी यात घालू नकोस.

सभेने बोलावलंय ते सभेचं. मी बोलावतोय ते वेगळं. मी एकोणऐंशीचा आहे. झऱ्यापर्यंत अजून चालतो, पण बरोबर कुणी असलं तर बरं. तिमोतेओ फार बोलतो.

नवरा यायला तयार असेल तर त्यालाही आण. नसेल तर त्याच्यावर जबरदस्ती करू नकोस.

थंडी आहे. लिमाचे पातळ कपडे घालून येऊ नकोस.

तुझा बाप,
मेलितोन

•

गामारा, ७ सप्टेंबर

चि. तिमोतेओस अ. उ. आ.

सुखरूप पोचले. पोचल्याचं मुद्दाम लिहितेय, कारण एक गोष्ट तुला सांगायची आहे आणि ती बाबांच्याच सांगण्यावरून. म्हणाले, तिमोतेओ रोज समोर असतो, त्याला तोंडाने सांगता येणार नाही, तू लिही.

सणाच्या दिवशी त्यांनी सुती नकाशावर दौत-बोरू घेऊन चौथ्या चारीची जागा भरली, दोन्ही कापडांवर, आणि खूण घातली ती खालच्या गावची. तूही चकित झालास. आपले लोक कुरकुरले, तरी पाटकऱ्याचा शब्द म्हणून गप्प राहिले. तुला वाटलं असेल, लेक आली म्हणून म्हातारा विरघळला. मलाही तसंच वाटलं आणि मी मनात थोडी सुखावलेही.

दुसऱ्या दिवशी आम्ही झऱ्यावर गेलो. ते काठी बाजूला ठेवून दगडावर बसले. मग पाण्याकडे बघत म्हणाले, चौथी त्यांचीच होती. पहिल्यापासून. त्या दुष्काळात पाळीही त्यांची होती. आपला मका वाळत होता, तू आणि तिमोतेओ लहान नव्हतात पण पोटं होतीच. मी दार चार दिवस जास्त बंद ठेवलं. पाटकरी मी, विचारणार कोण? त्यांनी पहार आणली तेव्हा मी गावाला सांगितलं की ते चोर आहेत. गावाने ऐकलं. मग तू त्याच घरात गेलीस, आणि तुझ्याकडे पाहिलं की मला माझं दार दिसायचं. म्हणून नाव घेत नव्हतो.

त्यांचा हात धरून मी खाली उतरले, इतकंच. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

तुला ठाऊक आहे, फ्लोरेन्तिनो आले नव्हते; दुकान बंद ठेवता येत नाही म्हणाले. घरी आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते प्रेस दाबत होते. मिनिट संपेपर्यंत थांबले, कागद सोलला, शर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाले, मला माहीत आहे. माझ्या बाबांना तेव्हापासून माहीत होतं, पाळी मोजता येत होती त्यांना. पण तू आमच्या घरात पाऊल टाकलंस त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना शपथ घातली, की हे या पोरीच्या कानावर जायचं नाही. बापाबद्दल वाईट ऐकून कुठल्या लेकीचं भलं झालंय, म्हणाले.

तिमोतेओ, सासरे गेले तोवर अकरा वर्षं मी त्या माणसाला जेवायला वाढलं. पहार धरणारा म्हणून त्यांच्याशी नीट बोलले नाही कधी. ते सूप संपवायचे, वाटी स्वतः धुऊन ठेवायचे आणि मला म्हणायचे, छान झालंय पोरी. मला वाटायचं, अपराधी आहे म्हणून गोड बोलतोय.

मृतांच्या सणाला, दोन नोव्हेंबरला, आम्ही दोघं खालच्या गावच्या दफनभूमीत त्यांच्यासाठी पाव आणि सूप घेऊन येतोय. फ्लोरेन्तिनोंनी दुकानावर आत्तापासूनच तशी पाटी लावलीय. बाबांना विचार, येतील का. चालवत नसेल तर मी वर येऊन घेऊन जाईन. आणि नको म्हणाले, तर आग्रह करू नकोस. फक्त सांग, की तिथे त्यांच्याबद्दल कुणी कधी वाईट बोललेलं नाही.

तुझ्यावर आणि त्यांच्यावर माझा जीव आहे, तो तसाच आहे हे त्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाच.

तुझी ताई,
एउलालिया