मागची सीट

अण्णा, मी मोटरसायकल शिकले. स्कूटी नव्हे, गिअरची. हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, पण तुम्ही जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत तुमच्याशी बोलायची सवयच मोडली. आज हे पत्र लिहायला बसले, कारण एक गोष्ट विचारायची आहे आणि ती तुमच्याशिवाय कुणाला विचारता येण्यासारखी नाही. घरात आई आणि मी दोघीच. मी मार्गासनीच्या पुढच्या एका वाडीवर शाळेत शिकवते. घर आपलं भाटघरचंच. रोज कापूरहोळ, नसरापूर करत दोन एसट्या बदलून जायचे, आणि दुसरी एसटी हमखास चुकायची. शेवटी गेल्या वर्षी शंभर सीसीची काळी गाडी घेतली. गावानं व्हायची तेवढी चर्चा करून घेतली. मामा म्हणाले, स्कूटी घे, पोरीच्या जातीला शोभंल. मी म्हटलं, मामा, वाडीचा शेवटचा रस्ता तुम्ही पाहिलाय का? तिथं स्कूटीचं पोट दगडाला घासतं. मामांनी तो रस्ता पाहिलेला नव्हता, त्यामुळे विषय मिटला.

गाडी मला भोरच्या गॅरेजवाल्या चाचांनी शिकवली. तेच चाचा, ज्यांच्याकडं तुम्ही तुमची फटफटी न्यायचात आणि काम झाल्यावरही तासभर बाकावर बसून राहायचात. चाचा आता थकलेत, दाढी सगळी पांढरी झाली आहे, पण जिभेला वय नाही. पहिल्या दिवशी मी क्लच सोडला आणि गाडी बेडकासारखी उडून बंद पडली, तेव्हा गॅरेजात जमलेली माणसं हसायला लागली. चाचा त्यांच्यावरच ओरडले, "हसताय काय? तुमी काय आईच्या पोटातनं क्लच दाबत आलता व्हय?" मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "आण्णांची पोर हायस तू. हाताला येतंय, डोकं मधी आणू नगंस." आठ-दहा दिवसांत मी बाजारपेठेतून एकटीनं गाडी काढली. घरी आले तेव्हा खांदे भरून आले होते आणि आनंदानं जेवण जात नव्हतं.

तुमची फटफटी मला आठवते ती दुधाच्या कॅनसकट. मागच्या सीटवर तुम्ही लोखंडी चौकट ठोकून घेतली होती, तिला दोन्ही बाजूंनी कॅन लटकायचे. धरणाच्या पाण्याच्या कडेकडेच्या गावांतून दूध गोळा करत यायचं आणि भोरच्या डेअरीत घालायचं, हा तुमचा रोजचा धंदा. सुट्टीत मी टाकीवर बसून बरोबर असायची. कॅनच्या तोंडात तुम्ही स्वच्छ पेंढ्याची चुंबळ दाबायचात आणि तरी वळणावर दूध आतल्या आत डुचमळायचं. भरलेला कॅन गप्प असतो, रिकामाही गप्प असतो, त्रास देतो तो अर्धा. एकदा धरणाच्या भिंतीजवळच्या वळणावर मी टाकीवरून मागं वळून बघायला गेले, गाडी हेलपाटली आणि तुम्ही पाय टेकून कशीबशी सावरली. मला खाली उतरवलंत. मला वाटलं आता फटका बसणार. तुम्ही म्हणालात, "अर्ध्या कॅनाची गाडी हाय ही. ती तिच्या मनानं जाती. आपुन तिला समजून घ्यायचं, मधी वळवळायचं न्हाई." मग घरापर्यंत एक शब्द बोलला नाहीत. फटक्यापेक्षा ते मला जास्त लागलं. दोन दिवस मी तुमच्याकडं बघत नव्हते, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही भोरहून येताना माझ्यासाठी चष्मा आणलात, धूळ जाऊ नये म्हणून घालतात तसला, हिरव्या काचेचा. तो माझ्या नाकावर राहत नव्हता. मी तो डोक्याला नाडीनं बांधून मिरवायची.

आणि तो एक दिवस. दूध घालून झालंय. डेअरीच्या मागं गरम पाण्यानं कॅन धुतलेत, झाकणं वाजू नयेत म्हणून तुम्ही त्यांत गोणपाट कोंबलंय. आपण घराकडं निघालोय. भाटघरचं वळण येतं आणि तुम्ही वळत नाही. मी टाकीवरून विचारते, "आण्णा, कुठं?" तुम्ही नुसती गाडीची मूठ पिळता. रिकामी गाडी अशी काही सुटते की माझ्या वेण्या तुमच्या तोंडावर जातात. कापूरहोळला मोठा रस्ता लागतो, ट्रकामागून ट्रक, आणि तुम्ही एकेक करून त्यांना मागं टाकताय. मी मान वर करून बघते तर तुमचे दात दिसतायत. घरात तुम्ही इतके मोकळे कधी हसला नाहीत. पुढं कुठंतरी एका हॉटेलापाशी गाडी वळवलीत, चहासुद्धा घेतला नाही, तसेच परत. तेव्हा वाटायचं, तुम्ही मला फिरवायला नेलंत. आता स्वतः गाडी चालवायला लागल्यापासून कळतंय, की मी टाकीवर असले नसते तरी तुम्ही गेलाच असता. कदाचित रोज जात होतात. याचा राग नाही येत, उलट तुम्ही मला जास्त आवडायला लागला आहात.

तुम्ही काविळीनं गेलात. लोकांना अजून वाटतं गाडीवरून पडून गेलात, आणि मी किती वेळा सांगू, की अंथरुणावर गेलात आणि गाडी बाहेर पडवीत उभी होती. महिन्याभरात आईनं ती विकून टाकली. चौकटीसकट.

आईचं सांगायचं राहिलं. अण्णा, तुमच्या संसारात आई तुमच्या गाडीवर कधीच बसली नाही, हे तुमच्या लक्षात तरी आलं होतं का? बसणार कुठं, मागं चौकट. आणि चौकट नसती तरी आजी-आजोबांच्या देखत सून नवऱ्याच्या मागं गाडीवर बसली असती, तर वर्षभर बोलणी खाल्ली असती. ती भोंगवलीला माहेरी जायची ती एसटीनंच, मांडीवर मी आणि पायाशी पिशवी. गेल्या वर्षी मी तिला पहिल्यांदा मागं बसवलं, तेव्हा ती देवाचं नाव घेत एका बाजूला बसली आणि माझ्या कमरेला असा विळखा घातला की मला श्वास घेता येईना. वळण आलं की मी आत झुकायची आणि ती भिऊन बाहेर. साक्षात अर्धा कॅन! सांगून सांगून थकले. पण महिन्याभरात सरावली, आणि मग काय विचारता. आठवड्याचा बाजार, भोंगवली, कुणाची हळद, कुणाचं बारसं, बाईसाहेब तयार. भोंगवलीत शिरताना मला म्हणते, "हळू घे की जरा." मी म्हणते, हळूच आहे. तर म्हणते, "अजून हळू. ती पारावरली बघत्याती." आणि ऐटीत उतरते. मावशीला सांगते, "एसटीची कटकट न्हाई आता. ल्येक सोडती." माझं लग्न न जमल्याचं दुःख करणारी हीच बाई, हे मला कधी कधी खरं वाटत नाही.

तर आता विचारायचं ते. मला दुसरी गाडी हवी होती. स्पोर्ट्‌स बाईक म्हणतात तिला. रंग लाल, पुढं वाकून बसायचं, टाकी फुगीर, मागचं टायर जाड, आणि आवाज असा की पोटात हलतं. गेल्या महिन्यात चाचांकडं कुणाची तरी सर्व्हिसिंगला आली होती. मी तिच्याभोवती इतक्या घिरट्या घातल्या, की चाचांनी मालकाला विचारून किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "धरनापतूर जायचं आन यायचं. वाटंत कुनी भेटलं तर थांबू नगंस." मी गेले. सुरुवातीला मनगटं दुखली, कंबर कुरकुरली, आणि मग सरळ रस्ता आला आणि मी मूठ पिळली. अण्णा, ते मी लिहू शकत नाही. परत येताना एका वळणावर खडी होती, मी घाबरून ब्रेक जरा जास्त दाबला आणि मागचं चाक सर्रकन बाजूला गेलं. पडले नाही. गाडी कडेला घेऊन बंद केली. मग एकटीच हसत सुटले. रस्त्यानं शेरडं घेऊन चाललेली बाई माझ्याकडं बघत बघत पुढं गेली.

चाचांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एक वरीस झालंय तुला. पयली गाडी अजून नीट आपटली न्हाईस आन दुसरी घ्याया निगालीस?" मग म्हणाले, "मनगटाला इचारलंस? कमरंला? रंग काय समदेच बघत्यात." मी विचारलं, अण्णा असते तर काय म्हणाले असते? चाचांनी हात पुसले आणि म्हणाले, "त्ये? त्यांनी आदी स्वताच चालवून बघितली आस्ती. तुला मागारी मिळालीच नसती." हे काही उत्तर नव्हतं, पण मी दिवसभर हसत होते.

खरी अडचण चाचांची नव्हती. आईला सांगितलं, तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मला वाटलं आता पडायचं-झडायचं, जिवाला जपायचं, पोरीच्या जातीचं सगळं निघणार. मी उत्तरं पाठ करून ठेवली होती. तिनं वर न बघता विचारलं, "त्येला मागं जागा आस्ती का?" मी म्हटलं, असते, पण लहान, आणि उंच. एका बाजूला नाही बसता येत. तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मंग म्या कुठं बसायचं?" आवाज नेहमीचाच होता. पण पाठ केलेलं सगळं मी विसरले. पुढचे पंधरा दिवस घरात गाडीचं नाव निघालं नाही, आणि बाजाराच्या दिवशी ती म्हणाली, "मी जाती एसटीनं, सवय ऱ्हाऊ दे." त्या दिवशी मला स्वतःचा भयंकर राग आला आणि तिचाही आला.

गेल्या रविवारी तीच म्हणाली, चल, दाखव तुजी गाडी. शोरूममध्ये आम्ही शिरलो तर तिथल्या माणसानं मला विचारलं, "मॅडम, मिस्टरांसाठी बघताय का?" मी म्हटलं, माझ्यासाठी. त्यानं चेहरा सावरला, गाडीचं सगळं पाठांतर म्हणून दाखवलं आणि शेवटी आईकडं बघून म्हणाला, "आजींना मात्र नाही जमणार. या गाडीवर साइडला बसत नाहीत." आई त्याला म्हणाली, "आजी कुनाला म्हनतोस रं?" तिनं चपला काढल्या. नऊवारीचा काष्टा मागं ओढून घट्ट खोचला. मला म्हणाली, बस पुढं. मी बसले. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि रानात बांध ओलांडतात तसा पाय टाकून सरळ पलीकडं बसली, दोन्हीकडं पाय सोडून. शोरूममधली माणसं बघत होती. जन्मभर पदर सावरण्यात गेलेली आपली आई, अण्णा. समोरच्या काचेत मला ती दिसत होती, माझ्या डोक्याच्याही वर, ताठ. म्हणाली, "ह्ये तर बरं हाय की. त्या गाडीवर एका बाजूला बसून पाठ मोडून येती. घे ही."

माझे डोळे भरून आले हे खरं. आणि त्याच वेळी मी मनातून खट्टू झाले, तेही खरं. कारण ती लहान, उंच, अडचणीची सीट मला आवडली होती ती अडचणीची आहे म्हणूनच. तिच्यावर कुणी बसू नये, बाजाराची पिशवी नको, मामा नको, मावशी नको. शाळा, घर, बाजार, हे सोडून मी आजवर एकटी कुठंच गेलेली नाही. लाल गाडीच्या निमित्तानं मला ते हवं होतं. आईला हे कसं सांगायचं, हेच तुम्हाला विचारायचं होतं. ती त्या सीटवर इतकी खूश होती की तिला खाली उतरवायचं माझ्या जिवावर आलं.

गाडी काल आली. आज आईला मागं बसवून भोंगवलीला नेऊन आणलं, पारावरच्यांनी उठून उभं राहून बघितलं. हे पत्र तिला वाचून दाखवण्यासारखं नाही, आणि घरात ठेवून द्यावं तर तेही जमणार नाही. गेल्या दोन वर्षांत मीच तिला वाचायला शिकवलंय आणि आता ती पुडीचा कागदसुद्धा सोडत नाही. तेव्हा लिहून झालं की चुलीत घालीन. परवापासून शाळेला सुट्टी आहे. मी आईला आत्ताच सांगून ठेवलंय, की मंगळवारी वेल्ह्याला मीटिंग आहे, दिवसभर चालेल, एकटीलाच जावं लागेल. ती म्हणाली, "जा की मंग. डबा दिऊ का भाकरीचा?" मी दे म्हणाले. अण्णा, मीटिंग-बिटिंग काही नाही.