बिशपला नक्की कोणी मारलं

थॉर्नबँक,
रविवार दुपार

आदरणीय ड्रुसिला आत्या हिला भाचा लँबर्ट याचा वाकून नमस्कार. (खांदा अजून ठणकतोय, तेव्हा वाकणं मनातल्या मनात केलं आहे. गोड मानून घे.)

तुझा खुबा कसा आहे? मॉल्व्हर्नची हवा मानवली का? तुझी मैत्रीण अजूनही चहाच्या आधी कपात दूध ओतते, की तू तिला एव्हाना वळण लावलंस? इकडे सगळे खुशाल आहेत. सगळे म्हणजे माणसं. कुत्रीही. पण आत्या, तुला एक वाईट बातमी सांगायची आहे, आणि ती मीच सांगावी हे उत्तम, कारण त्यात माझा संबंध इतर कोणाहीपेक्षा जवळचा आहे. तुझा पांढरा फेझंट पक्षी, तू तीन हिवाळे स्वयंपाकघराच्या दारात मनुका घालून पोसलेला आपला बिशप, काल शिकारीच्या शेवटच्या हाक्यात गेला. देव त्याला शांती देवो. मला मनापासून वाईट वाटतं. आणि त्याला मी मारलं, मेजर ट्रेहर्न यांनी नाही. हे शेवटचं वाक्य कृपा करून चष्मा लावून पुन्हा एकदा वाच.

माझ्या दृष्टीनं यात काय पणाला लागलं आहे ते तू जाणतेसच, कारण ते पणाला तूच लावलंस. गेल्या मोसमाच्या अखेरीस, भर जेवणात, पोर्कची पेस्ट्री कापता कापता तू जाहीर केलंस की पुढच्या मोसमात लँबर्टच्या नावावर एकही पक्षी पडला नाही, तर आठ शिकाऱ्यांच्या रांगेतली त्याची जागा त्या दातांच्या डॉक्टरला द्यायची. सगळे हसले. मीही हसलो. ती जागा बाबांची होती, आत्या. मला शिकारीची फारशी हौस नाही, थंडीत पाय बधिर होतात, आणि माझा मस्टर्ड (तसा इमानी कुत्रा) प्रत्येक हाक्याला मला सोडून मेजरच्या पायाशी जाऊन बसतो, कारण पक्षी तिकडे पडतात हे त्याला कळून चुकलं आहे. तरी त्या रांगेत बाबांची टोपी घालून उभा राहिलो की मला बरं वाटतं. डॉक्टरला तसं काय वाटणार?

म्हणून मी सप्टेंबरातच हातपाय हलवले. पहिला दोष बंदुकीचा निघाला. आजोबांची ती दुनळी बंदूक दिसायला देखणी आहे, पण आजोबा होते आखूड हातांचे. त्यांच्या मापाचा दस्ता माझ्या खांद्याला लावला की बार काढताना माझाच अंगठा माझ्या नाकावर आपटतो. (बाबांचं नाक तसं का होतं, हे मला वयाच्या एकावन्नाव्या वर्षी उमगलं.) तेव्हा मी मातीच्या तबकड्या उडवून नेमबाजी शिकवणाऱ्या मिस ग्विलिमकडे गेलो. ही बाई पूर्वी मुलींच्या शाळेत कवायत घ्यायची आणि अजून तिला ती शाळा सुटल्याचं कोणी सांगितलेलं नाही. तिच्याकडे एक मापाची बंदूक आहे, तिचा दस्ता स्क्रू फिरवून लांब-आखूड, डावा-उजवा करता येतो. कोटाचं माप घेतात तसं तिनं माझं बंदुकीचं माप घेतलं. मग म्हणाली, दोन्ही डोळे उघडे ठेव आणि बोट माझ्या नाकावर रोख. मी रोखलं. ती म्हणाली, हे माझ्या कानाकडे चाललंय. निष्पन्न असं झालं की बंदूक माझ्या उजव्या खांद्यावर असते, पण घरचा कारभार डावा डोळा बघतो. म्हणजे इतकी वर्षं मी अगदी अचूक नेम धरून पक्ष्याच्या डावीकडची हवा मारत होतो. तोडगा म्हणून तिनं माझ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावला.

बंदूक निवडायला मला चार शनिवार लागले. (सायबिलशी लग्नाला मी एका पावसाळी दुपारी होकार दिला होता. तिनं हे मला या निमित्तानं ऐकवलंच.) शेवटी एकावर एक नळ्या असलेली घेतली, कारण शेजारी-शेजारी नळ्या असल्या की माझा डावा डोळा लगेच आपल्या बाजूची नळी धरून बसतो. आजोबांच्या काळापासून शेजारी-शेजारी नळ्याच चालणाऱ्या आपल्या रांगेत तसली बंदूक आणणं म्हणजे काय हे मी तुला सांगायला नको. मेजरनी ती पाहिली आणि अत्यंत सौम्यपणे विचारलं, की घरात गटाराच्या नळांचं काम काढलं आहे का.

मिस ग्विलिमचा मंत्र असा: शेपूट, पोट, चोच, ठो. बंदूक पक्ष्याच्या मागून आणायची, शेपूट ओलांडायची, पोट ओलांडायचं, चोचीच्या जरा पुढे गेलं की चाप ओढायचा, आणि हात थांबवायचा नाही. मी हे मोठ्यानं म्हणायचो. अडचण एवढीच होती की माझं बोट तोंडापेक्षा उतावीळ, ते ‘शेपूट’लाच चाप ओढून मोकळं व्हायचं. तबकडीला शेपूट नसल्यानं तिथे माझं बरं चालायचं, पण खऱ्या फेझंटाला शेपूट असते आणि फार लांब असते. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, काल शेवटचा दिवस उजाडला आणि माझ्या नावावर एक फांदी होती.

तर शेवटचा हाका. मी ओढ्याकाठी, उजव्या हाताला मेजर, मस्टर्ड अर्थातच मेजरच्या पायाशी. हाकारे काठ्या आपटत रानातून येत होते. सूर्य खाली उतरून थेट डोळ्यांत घुसत होता, त्यामुळे येणारा प्रत्येक पक्षी काळाच दिसत होता (हे मी सबब म्हणून नाही, माहिती म्हणून देतो). आमच्या दोघांच्या मधोमध एक उंच, डौलदार पक्षी आला. मी बंदूक उचलली. दस्ता गालाला असा बसला, जसा आयुष्यात कधी बसला नव्हता. शेपूट, पोट, चोच, आणि बरोबर ‘चोच’ संपताना मी चाप ओढला. त्याच क्षणी मेजरनीही ओढला. दोन्ही बार एकच झाले. पक्षी हवेत तिरपा झाला, काटेरी कुंपणापलीकडे उतरला, आणि वरून तीन लांब पांढरी पिसं गिरक्या घेत खाली आली.

आता आपली रीत तुला ठाऊक आहे. दोघांचा बार एका पक्ष्यावर पडला की ‘तुमचाच हो’ म्हणायचं, समोरच्यानं ‘छे छे, तुमचाच’ म्हणायचं. माझ्या तोंडून सवयीनं ‘तुमचाच’ निघून गेलं. पांढरा रंग माझ्या डोक्यात शिरला तोवर मेजरनी टोपी काढली होती. ते म्हणाले, “माझाच. ड्रुसिलाला काय तोंड दाखवू?” आजोबांचा नियम सगळ्यांना पाठ आहे: पांढरा मारील त्यानं टोपीत पांढरं पीस खोवायचं, दुपारी उभ्यानं जेवायचं आणि पुढच्या शिकारीला काठी घेऊन हाकाऱ्यांबरोबर चालायचं. खरं सांगतो, क्षणभर मला हायसं वाटलं. मग लख्ख प्रकाश पडला, की हा माझा आयुष्यातला पहिला पक्षी आणि तो दुसराच कोणी घेऊन चालला आहे.

मी पुढे होऊन म्हणालो, तो मी मारला. कोणी मानेना. मेजरनी माझ्या पाठीवर थाप मारली. “लँबर्ट, तुझं मन मोठं आहे, पण नेम नाही.” यावर सगळ्यांनी मान डोलावली, आणि डॉक्टरनं (तो पाहुणा म्हणून आला होता, जागा बघायला आल्यासारखा) माझ्या थोरपणाबद्दल मला चक्क जिन पाजली. मी जितका गुन्हा कबूल करत होतो तितका लोकांना जास्त गहिवर येत होता. राखणदार प्रॉसरनं अंधार पडेपर्यंत कुंपणापलीकडे कुत्री फिरवली, पण पिसांपलीकडे काही हाती लागलं नाही. एक पीस मेजरच्या टोपीत गेलं. ते त्यांना शोभतही होतं, हे मला अधिक लागलं.

तुझ्या दुःखात सहभागी,
तुझा
लँबर्ट

ता. क. मेजर गुरुवारी तुझी माफी मागायला मॉल्व्हर्नला येत आहेत. नवा टाय घेतला आहे आणि फुलं सांगून ठेवली आहेत. वीस वर्षं तुझ्याकडे येण्यासाठी त्यांना निमित्त सापडत नव्हतं, ते आता बिशपनं दिलं, आणि म्हणून ते माझा पक्षी सोडत नाहीत अशी माझी खात्री आहे. फुलं खुशाल घे, चहा पाज, पण माफी देऊ नकोस. ती माझी आहे. मला हाकाऱ्यांत धाड, उभ्यानं जेवायला लाव, काय वाटेल ते कर, पण पक्षी माझ्या नावावर लाव आणि बाबांची जागा राहू दे. एवढ्यासाठीच हे पत्र.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तोच स्वयंपाकीणबाई सांगत आल्या की बिशप दारात उभा आहे आणि मनुका मागतो आहे. मी स्वतः पाहून आलो. तब्येत ठणठणीत, शेपूट मात्र नाही. तुझं अभिनंदन. आता आत्या, शांतपणे विचार कर. मेजरनी जन्मात कोणाच्या शेपटीवर बार टाकलेला नाही. अख्ख्या परगण्यात शेपटीवर बार टाकणारा एकच माणूस आहे, मिस ग्विलिम तसं लेखी देईल. वर मी ‘चोच’ला चाप ओढला असं लिहिलं आहे, ते भावनेच्या भरात. ‘शेपूट’लाच ओढला. अख्खा पक्षी नको, शेपटीपुरता माझ्या नावावर लाव.

अगदी शेवटचं. प्रॉसर आत्ता येऊन पिसं निरखून गेला. तो म्हणतो, यांना एकही छर्रा लागलेला नाही. फेझंट फार भेदरला की आपणहून शेपटीची पिसं टाकतो, पाल शेपूट टाकते तशी. मेजरना हे कळवलं तर ते म्हणाले, मग भेदरवल्याची माफी मागायला येतो, गुरुवार ठरला तो ठरला. तेव्हा आत्या, आता एवढाच निवाडा कर, की बिशप भेदरला कोणाला. मी प्रॉसरलाही विचारलं. तो म्हणाला, पक्ष्याचं काही सांगता येत नाही साहेब, पण हाकाऱ्यांना विचाराल तर सगळे तुमचंच नाव घेतील.