सूनबाईचा ढग

३ ऑक्टोबर
सूर्यावर स्फोट झालाय! सूनबाई सकाळपासून मागच्या खोलीत, संगणकापुढे. चहा तसाच निवला. बोलणारच होते — पण तिने खुर्ची सरकवून मला जागा करून दिली.

अवकाशयानाने पाठवलेले फोटो. मधोमध काळी चकती — सूर्य मुद्दाम झाकलेला. "झाकला नाही तर त्याच्याच उजेडात बाकीचं काही दिसत नाही, आई." चकतीच्या कडेने पांढरट काहीतरी फुगत चाललं होतं. तापलेल्या वायूचा ढग म्हणे, सूर्याने भिरकावलेला. आपल्याच रोखाने निघालाय. परवा पोचेल.

एवढं प्रचंड, आणि आवाज नाही.

४ ऑक्टोबर
ढग आता इतका विरळ झालाय की फोटोत काही म्हणता काही दिसत नाही. मला तरी. सूनबाई आताच्या फोटोतून मघाचा वजा करते — जे सरकलं तेवढंच उरतं. "ही बघा कड." मी चष्मा पुसला, नुसतंच हो म्हटलं. मग खरंच दिसली! काचेवर श्वास सोडावा तशी, पुसट.

मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. सूर्य-पृथ्वीमधलं अंतर मुलांकडून घोकून घेतलं. त्या अंतरातून कोणी प्रवास करत असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही.

असा ढग आदळला तर विजेच्या लांबलांब तारांत भलताच प्रवाह शिरतो, ट्रान्सफॉर्मर जळतात. ती नोकरी करते त्या सूर्यनिरीक्षण केंद्रातर्फे तिने इशारा पाठवला: उद्या दुपारी. माझा धाकटा भाऊ वीज कंपनीत मोठा इंजिनिअर. तिच्या शब्दावर त्याने मोठ्या तारांवरचा भार उतरवायचं ठरवलं. कारखानेसुद्धा बंद ठेवायला लावले.

५ ऑक्टोबर
आला. दुपारीच आला! आणि काहीही झालं नाही. दिवा लुकलुकलासुद्धा नाही.

ढगाच्या पोटात चुंबकत्व असतं. त्याची दिशा उलटी असली तर तो पृथ्वीला भिडतो, सुलटी असली तर घसटून निघून जातो. आणि हे तो अगदी दाराशी येईपर्यंत कळत नाही. हा सुलटा निघाला. सूनबाई आपली वेळ जुळली म्हणून खूष! मी बघतच राहिले.

संध्याकाळी भावाचा फोन. त्याला वरून चांगलीच बोलणी बसली होती. "ताई, तुझ्या सुनेला म्हणावं, लांडगा आला रे आला पुरे झालं."
मी तिला सांगितलं नाही. तिने चेहऱ्यावरून ओळखलं.

६ ऑक्टोबर
पेपरात चेष्टा. पेपर रद्दीत टाकला.

९ ऑक्टोबर
इशारे देण्याचं काम तिच्याकडून काढून घेतलं. यापुढे साहेब बैठकीत ठरवणार. चिरंजीव खवळले — सोडून दे म्हणाले असली नोकरी. ती शांतपणे जेवली, ताट घासलं आणि मागच्या खोलीत गेली. मी विचारलं, आता कशाला?

"ढग काय माझा हुद्दा बघून येतो का, आई?"

हट्टी आहे. असा हट्ट माझ्या वर्गात एखाद्या तरी मुलीत दिसला असता!

११ ऑक्टोबर
आज कड मी आधी दाखवली. ती म्हणाली, तो फोटोतला डाग आहे. दोघी खूप हसलो.

१२ ऑक्टोबर
सकाळी मोठा ढग निघालाय. मागच्याच्या दुप्पट वेग. तिने साहेबांना कळवलं. साहेब म्हणाले, सोमवारच्या बैठकीत बघू. ढग उद्याच पोचतोय. बाहेर कोणाला सांगायची तिला मनाई आहे. मला कोणी केलेली नाही. भावाला फोन लावला.

"ताई, परत?"

"परत. येणार हे नक्की. भिडेल की घसटून जाईल, ते आत्ता कोणीच सांगू शकत नाही."

त्याने कागद ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "वेळ सांग."