घरासाठी पूडल क्रॉसच

१० जून २००७, रविवार. सेनगाव.
घरात कुत्रं आणायचं ठरवलं. पक्कं. काल ऑफिसातून आलो, गेट वाजवलं, चपला आपटल्या, खाकरलो. संगिता आणि दिपा टीव्हीसमोर. जाहिरात लागली तेव्हा बायकोला मी दिसलो. काहून आज लवकर आलात, म्हणाली. मी रोजच्याच वेळेला आलो होतो. शेजारच्या मुंजाजीभाऊंची गाडी गल्लीत वळली की त्यांचं कुत्रं गेटवर उड्या मारतं. मला तसलं काही नको. लेकीला सोबत व्हावी, एवढाच उद्देश.

१३ जून, बुधवार.
हिंगोलीला मीटिंग. लवकर संपली (मी मधूनच उठलो) आणि नेट कॅफेत बसून अभ्यास केला. फॅमिलीसाठी पूडल क्रॉस बेस्ट. केस गळत नाहीत, डोक्याने तल्लख, मालकाच्या मनातलं ओळखतं. आता कितीही कुत्र्यांत पूडल क्रॉस मी लांबूनच ओळखेन.
रात्री फॅमिली मीटिंग. संगिता म्हणाली, केसं उचलायला मी न्हाई बरं का. म्हणून तर पूडल, असं समजावलं. दिपाचं लक्ष मालिकेत होतं, पण तिने विरोधही केला नाही. ठराव एकमताने मंजूर.

२५ जून, सोमवार.
ऑफिसातल्या रविंद्र खिल्लारेच्या साडूकडे नांदेडला पिल्लं आहेत. आई अस्सल पूडल. बाप कोण विचारलं तर म्हणाला, जो कोनी असंल तो, रात्रीचा येऊन गेला. मी म्हटलं, क्रॉस म्हणजे तेच. रविंद्रला ब्रीडिंगमधलं काही कळत नाही.

१ जुलै, रविवार.
नांदेड. नेटवर वाचलेली टेस्ट घेतली. खाली बसायचं, हात पुढे करायचा, जे पिल्लू आपण होऊन येईल ते आपलं. बसलो. चार पळून गेली. पाचवं झोपलेलं होतं. ते घेतलं. स्वभाव शांत. रंग तपकिरी, केस कुरळे. नाव प्रिन्स.
एसटीत कंडक्टरने विचारलं, कोकराला तिकीट काढलं का? दुर्लक्ष केलं. प्रिन्सने माझ्या मांडीवर मुतून घेतलं. आपलेपणा वाटू लागल्याचं लक्षण.
घरी दिपा किंचाळली, त्याला कडेवर घेतलं आणि गोळ्या म्हणाली. नाव प्रिन्स आहे हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं.

५ ऑगस्ट, रविवार.
प्रिन्स फारच हुशार. दिपा शाळेतून आली की गेटवर हजर. संगिता दळण घेऊन आली की हजर. दूधवाल्यालाही हजर. मी येतो ती त्याची झोपेची वेळ असते. उद्यापासून ऑफिसातून जरा आधी निघणार.

६ ऑगस्ट.
आधी निघालो. आज त्यालाही आधी झोप आली असावी.

२ सप्टेंबर, रविवार.
ट्रेनिंग सुरू. प्रिन्स, प्रिन्स. ढिम्म. शिस्त कडक करावी लागणार. घरात कोणी नाही असं बघून हळूच गोळ्या म्हटलं. एक कान हलला. बिस्किटं उरली, ती मी खाल्ली.

८ नोव्हेंबर, गुरुवार.
दिवाळीला तांड्यावर आलो. आईने बघताच विचारलं, रामप्रसाद, हे मेंढरू काहून आणलं रे? पूडल क्रॉस म्हणजे काय ते सविस्तर सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि त्याच्यापुढे भाकरी टाकली. तो तिच्यामागे फिरून राहिलाय.

१० नोव्हेंबर, शनिवार.
काल रात्री दिपा तांड्यावरच्या पोरींबरोबर दिवा घेऊन मेरा, म्हणजे आमच्याकडची दिवाळीची ओवाळणी, मागायला घरोघर फिरली. प्रिन्स त्यांच्या मागे, सगळ्या रानातून. सकाळी बघतो तर अंगभर गोखरूचे काटे. पूडलचे केस गळत नाहीत हे खरंच आहे, पण त्यात अडकलेलंही काही गळत नाही. नेटवर हे नव्हतं. कंगवा घेऊन गेलो, तो गुरगुरला. उद्या पद्धतशीर बघतो.

११ नोव्हेंबर, रविवार.
लिहावंसं वाटत नाही.
दुपारी लिंबाखाली बाजेवर पडलो होतो. डोळा लागत होता. एक हाडकुळं, उघडं, हाडाला कातडी चिकटलेलं कुत्रं धावत आलं, बाजेवर चढलं आणि माझं तोंड चाटायला लागलं. मला वाटलं गावठी, त्यात खरजुलं. ओरडलो. चप्पल फेकली, ती नेमकी लागली. पार बांधापर्यंत पिटाळलं.
दिपा मागून रडत पळत आली. आवो पप्पा, गोळ्या हाय तो!
सकाळी मी आंघोळीला गेलो तेव्हा मेंढपाळ लखमा वाटेने चालला होता. आईने त्याला थांबवून प्रिन्सला कातरून घेतलं. गोखरूसकट सगळं गेलं. आई म्हणाली, तकलीफ होत होती लेकराला, अन् तुझं काय, उद्या बघतो, उद्या बघतो.
आणल्यापासून पहिल्यांदा तो आपण होऊन माझ्याकडे आला होता. संध्याकाळपर्यंत बांधावर गोळ्या, गोळ्या करत बसलो. तो दिपाच्या मागे उभा राहून बघत होता. फार वाईट वाटलं. अजून वाटतंय.

१९ नोव्हेंबर, सोमवार. सेनगाव.
प्रगती. मी येतो तेव्हा तो आता झोपलेला नसतो. गल्लीत वळलो की उठतो, गेटवर येतो आणि भुंकतो. दूधवाल्यावर नाही. पोस्टमनवर नाही. फक्त माझ्यावर. जातिवंत कुत्र्यात राखणीचा गुण असतोच. संगिता म्हणते, केसं वाढले की विसरंल. रोज बिस्कीट नेतो. मी आत गेल्यावर तो खातो.

३० नोव्हेंबर, शुक्रवार.
केस बरेच वाढलेत.
संध्याकाळी गेटवर उभा होतो. आतून कडी. तो भुंकत होता. शर्ट काढून बघितला, शीळ घालून बघितली, खाली बसून हात पुढे केला. आणखी जोरात भुंकला. मग स्वयंपाकघरातून संगिताचा आवाज आला, कोन आलंय गं, कुत्रं काहून भुकून राहिलं एवढं?
दिपाने खिडकीतून वाकून बघितलं.
कोनी न्हाई गं, म्हणाली. पप्पा हायेत.