क्लच आणि आवडाबाई

२ नोव्हेंबर
गारखेड्यातल्या या कॉलनीत आम्ही वर्षापूर्वी आलो, कारण मला शांतता हवी होती. भानूच्या मते ही शांतता नव्हे, सामसूम. कोथिंबिरीलाही गाडी लागते, रिक्षा आत येत नाही, रस्त्यावर माणूस दिसत नाही. बायकोला नियोजन कळत नाही. मी नगररचनेतून रिटायर झालोय.

९ नोव्हेंबर
समोरच्या आवडाबाईंनी पांढरी गाडी घेतली. मूळच्या देवगाव रंगारीच्या, शेती तिकडंच. चालवतातही स्वतः, नऊवारीत! हेवा वगैरे नाही. गच्चीवरून सहज दोन-चारदा पाहिली. रंग टिकणार नाही.

१४ नोव्हेंबर
भानू त्यांच्याबरोबर भाजीला गेली ती दुपारी उगवली. आधी गुलमंडीचा बाजार, मग कुणाकडे तरी चहा. मी उपाशी. म्हणे, कुकर तरी लावायचा. ठरलं. गाडी घ्यायची, त्यांच्यापेक्षा वीतभर लांब.

२ डिसेंबर
गाडी आली. लाल! पेढे मुद्दाम स्वतः नेऊन दिले. आवडाबाई म्हणाल्या, "लई भारी, भाऊजी. आता भानूताईला फिरवा." फिरवणारच. उद्या क्लास.

३ डिसेंबर
गाडी वळणावर बंद पडली. पुन्हा बंद पडली. गच्चीवरून आवडाबाई बघत होत्या. शिकवणाऱ्याचे उच्चार अशुद्ध आहेत. आधी थिअरी पक्की करावी.

१९ डिसेंबर
थंडी शिकायला प्रतिकूल. गाडी रोज पुसतो. आज कव्हर काढलं तर चाकांना ओला चिखल! कॉलनीत चोर आहेत.

२० डिसेंबर, सकाळी
फिरायला गेल्यासारखं केलं आणि वळणावरून परतलो. माझी लाल गाडी समोरून आली. स्टिअरिंगवर भानू. शेजारी आवडाबाई ओरडत होत्या, "क्लचवरचा पाय हळू उचल गं बाई!"
जाब विचारला. भानू म्हणाली, "तुम्ही रोज उद्याच नेणार होता. मी वर्षभर खिडकीशी बसलेय." एवढं बोलून पोहे करायला गेली. बायका भावनिक असतात. गाडी मात्र माझ्या नावावर आहे.

२८ जानेवारी
भानूला लायसन्स मिळालं. आर.टी.ओ.चा दर्जा घसरलाय.

३१ जानेवारी
देवगावला हुरडा. भानूनं चालवली, पुढं आवडाबाई. मी मागं, दह्याचं पातेलं मांडीवर धरून. शेतात त्यांचे दीर पुंजाराम यांनी विचारलं, गाडी कुणाची? मी खाकरलो. आवडाबाई म्हणाल्या, "भानूताईची. अन् हे तिचे मालक." भानू पोट धरून हसली. गारखेड्यात आल्यापासून तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. मी रोज इतके विनोद करतो.
हुरडा ठीक. तीनदा घेतला.
परतताना दोघी गात होत्या. मी झोपेचं सोंग घेतलं. घराशी भानूनं हॉर्न वाजवला. फाटक उघडायला मलाच उतरावं लागलं.